व्याह्याच्या हातचा पेळू

वसंता, परवा गिरणीच्या कँटीनमध्ये तुझी शोकसभा झाली. ज्या नव्या मॅनेजरनं तुला कधी पाहिलंही नव्हतं, त्यानं तुला ‘या जिल्ह्यात संगणकयुग आणणारा दीपस्तंभ’ म्हटलं. तू शेजारी असतास तर माझ्या कानाशी लागून विचारलं असतंस, “दीपस्तंभ काऊन बे? आदिलाबादेत समुद्र कोठी हाय?” हे मला ऐकूच आलं आणि मी हसलो. नेमकं तेव्हा दोन मिनिटांचं मौन चालू होतं. लोकांना वाटलं मला हुंदका आला. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला.

मग ‘दिवंगतांचे व्याही आणि सहकारी’ म्हणून मला बोलायला उभं केलं. व्याही आधी, सहकारी नंतर. मीही शोकसभेत बोलायचं ते बोललो: विद्वान, नम्र, मदतीला तत्पर. तू नम्र नव्हतास. मदतीला तत्पर होतास, पण मदत करताना समोरच्याला गाढव म्हटल्याशिवाय तुला राहवत नसे. खाली बसल्यावर लक्षात आलं, तुझ्या पायाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. तू होतास तेव्हाही काढलं नाही. तो पाय मी पाहिला होता, त्यावर माझ्या हातानं पाणी ओतलं होतं, आणि गप्प बसलो होतो. मला लिहायचं आहे ते एवढंच आहे, पण ते तुला सांगायचं तर मागून यावं लागेल. तुला कुठलीही गोष्ट कारणासकट लागायची.

तू येण्याआधी गिरणीचं वेळापत्रक माझ्या फळ्यावर असायचं. दर सोमवारी खडू घेऊन मी मांडायचो: कोणत्या साच्यावर, म्हणजे कताईच्या यंत्रावर, कोणत्या नंबरचं सूत, कोणत्या पाळीला कोण. बाहेरच्याला हे सोपं वाटतं. पण जाड सुतावरून बारीक सुतावर साचा वळवायचा म्हणजे चाकं बदला, अर्धी पाळी त्यातच गेली. म्हणून एका नंबरच्या सगळ्या मागण्या ओळीनं लावाव्या, तर तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाची तारीख टळते. मध्येच वीज जाते. दिवाळीच्या सुमाराला उटनूरकडची गोंड पोरं दंडारी नाचायला गावी जातात, त्यांना कंपनीची गरज सांगून उपयोग नसतो. हे सगळं डोक्यात धरून मी खडू फिरवायचो. साहेब लोक फळ्यासमोर उभे राहून मान डोलवायचे, म्हणजे त्यांना काहीच कळलेलं नसायचं.

तू गिरणीच्या विजेच्या खात्यात होतास. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला कंपनीनं तुला हैदराबादला प्रशिक्षणाला पाठवलं आणि तू परत आलास तो फ्लॉपीमध्ये प्रोलॉग नावाची भाषा घेऊन.

“यात यंत्राले कसं करायचं ते सांगायचं नसते,” तू म्हणालास. “काय खरं हाय तेवढं सांगायचं, नियम सांगायचे, मंग विचारायचं. ते एक रस्ता धरते, बंद निघाला की मागं येऊन दुसरा धरते. सारे रस्ते पायते.”

“आन् एकबी रस्ता नाय सापडला तं?”

“तं नो म्हणते.”

“कारण?”

“कारण नाय देत. नुसतं नो.”

“मंग साहेब आन् ते, फरक काय?”

“ते आधी सारे रस्ते पायते बे.”

आपलं पहिलं मोठं भांडण त्याच दिवशी झालं. मी विचारलं होतं, आपण जे सांगायला विसरलो त्याचं काय? तू म्हणालास, ते त्याच्या लेखी खोटं. अमुक माणूस सुटीवर आहे हे कुणी सांगितलं नसेल, तर तो सुटीवर नाही. सांगितलं नाही म्हणजे नाही. मला तो शुद्ध उर्मटपणा वाटला. यंत्राला ‘माहीत नाही’ असं तिसरं उत्तर देता यायला पाहिजे, असं माझं म्हणणं. ‘माहीत नाही’वर गिरणी चालत नाही, असं तुझं. हा वाद आपण चहावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत किती वेळा घातला असेल. प्रत्येक वेळी तू शेवटी म्हणायचास, “तं मंग सांगत जा ना सारं. तोंड हाय ना तुले?”

मग तू माझी झाडाझडती सुरू केलीस. मी फळ्यावर जे जे मांडायचो त्याचं कारण तुला पाहिजे होतं. “मनात आलं” हे कारण तू नामंजूर करायचास. अशाच एका दुपारी तू किसन आणि मारुतीवर अडकलास.

किसन कार्डिंगवर होता. पिंजलेल्या कापसाचा लांब पेळू त्याच्या यंत्रातून निघायचा आणि पुढच्या यंत्रावर मारुतीच्या हाती जायचा. पेळू कुठं जाड कुठं बारीक आला तर मारुतीनं तो परत पाठवायचा, नाहीतर पुढचं सगळं सूत बिघडणार. तू महिनाभराचे फळे तपासून विचारलंस, “हे दोघं एका पाळीत कधीच नाय. काऊन?”

“मारुतीची पोरगी किसनच्या घरी देली हाय,” मी म्हणालो.

“मंग?”

“मंग काय? पोरीच्या सासऱ्याले पेळू वापस पाठवते काय कोणी? जसा आला तसा लावते बिचारा.”

“आन् उलटं ठेवलं तं? मारुती मागं, किसन पुढं?”

“ते चालते. पोराचा बाप पोरीच्या बापाचा माल खुशाल वापस करते. जरा जास्तच करते.”

तू इतका हसलास की बशीतला चहा पँटवर सांडला. मी ते थट्टेनं सांगितलं होतं. व्याह्यांचा मानपान, रुसवेफुगवे, आहेराची धोतरं हे माझ्या थट्टेचे कायमचे विषय. पण तू हसून झाल्यावर गंभीर झालास आणि यंत्रात नियम घातलास: ज्याला आपण बोलू शकत नाही, त्याच्या हातचा माल घेऊ नये. मग हजेरीवरच्या प्रत्येक माणसाच्या सोयरिकी तू विचारून घेतल्यास. लोकांना वाटलं, कंपनी आता लग्नं जमवणार आहे.

उद्घाटनाचा दिवस तुला आठवत असेलच. उन्हाळा होता. हैदराबादहून मोठे साहेब आले. संगणकाला हार घातला, नारळ फोडला, सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. पडद्यावर हाराचं एक फूल लोंबत होतं ते बाजूला सारून तू पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक मागितलंस. यंत्र बराच वेळ गप्प राहिलं. मग उमटलं: नो.

साहेबांनी चष्मा लावला. “क्या बोल रहा है?”

“सर, बोल रहा है, नहीं हो सकता.”

“किसको बोल रहा है?”

तू शांतपणे म्हणालास, “सबको, सर.”

चूक तुझी नव्हती, यंत्राचीही नव्हती. लग्नसराई नुकतीच संपली होती आणि तू इमानेइतबारे प्रत्येक नवी सोयरीक यंत्राला सांगितली होतीस. आमच्या गिरणीत लग्नं जेवणाच्या सुट्टीत ठरायची, कारण मुलांचे बाप आणि मुलींचे बाप एकाच झाडाखाली डबा उघडायचे. त्या वर्षी नेमकं असं घडलं की कार्डिंगवाले बहुतेक सगळे मुलांचे बाप झाले आणि पुढच्या खात्यातले मुलींचे. कुणाचाही पेळू कुणीही परत पाठवू शकत नव्हता. तुझ्या यंत्राच्या दृष्टीनं गिरणी बंद करायची वेळ आली होती.

साहेब गेल्यावर आपण जे भांडलो, तसं पुन्हा कधी भांडलो नाही. मी म्हणालो, काढून टाक तो नियम. या जुनाट खुळांना यंत्रात कशाला जागा द्यायची? माणसं शिकतील बोलायला. कामापुरतं तरी शिकतील.

“तू बोलशील?” तू विचारलंस. “उद्या तुही पोरगी कोणाच्या घरी गेली, तं त्याले बोलशील?”

“तोंडावर बोलीन.”

“पाय बरं.”

“पायतो काय? लिहून घे.”

“नियम मी केला नाय,” तू म्हणालास. “तुमी पाळून राह्यले म्हणून तो हाय. तुमी सोडा, मी काढतो.”

तोड शेवटी राजन्नानं काढली, म्हणजे त्याच्या असण्यानं काढली. तो करीमनगरकडचा, तेलुगू बोलणारा, गेटवर वजनकाट्याला होता. त्याचं लग्न झालेलं नव्हतं आणि होण्याची चिन्हंही दिसत नव्हती. अख्ख्या गिरणीत तो कुणाचाच कुणी नव्हता. त्याला दोन खात्यांच्या मधे पेळू तपासायला उभं केलं आणि तू नियमात एक ओळ वाढवलीस: बोलता येत नसेल तर मधे राजन्ना असावा. लगेच वेळापत्रक निघालं. “एमय्या किसन, ये पेळू है के गोधडी?” असं तो सगळ्यांदेखत ओरडायचा आणि किसन मुकाट्यानं परत घ्यायचा. मारुती दुसरीकडं बघत उभा असायचा, जणू हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. साहेबांनी वरिष्ठांना कळवलं की आदिलाबादच्या गिरणीत मानवी संबंधांचं शास्त्रीय नियोजन सुरू आहे. ते वाचून तू राजन्नाला सलाम ठोकलास.

त्यानंतर काही वर्षांनी तू नोकरी सोडलीस आणि मुधोळला शेतीवर गेलास. जाण्याआधी एकदा बसस्टँडवर चहा पिता पिता म्हणालास, “तुह्या शोभीले आमच्या अनिलले देतो काय? दोघाईचं ठरूनच राह्यलं हाय म्हणते, आपल्याले फक्त विचारायचं ठेवलं हाय.” मी तुला मिठी मारली. इतका आनंद मला त्याआधी फार थोड्या वेळा झाला होता.

मग सोयरीक पक्की करायला तुम्ही आमच्या घरी आलात. माझे थोरले भाऊ होते, गावातले चार जण होते. तू दारात चप्पल काढत होतास आणि मी नेहमीसारखं “ये बे, बस” म्हणणार, तोच भावानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “या, बसा आपण.”

तू चप्पल हातात धरून थांबलास. “काऊन बे, मी काय कलेक्टर हाय?”

सगळे हसले. मीही हसलो, पण शब्द मागं घेतला नाही. पुढं प्रत्येक भेटीत ‘आपण’च. सुरुवातीला तू चेष्टा करायचास, “जसा आपला हुकूम, सरकार,” असं लवून म्हणायचास. हळूहळू तीही थांबली. तुझ्या पाटाभोवती जास्तीची रांगोळी, तुझ्या ताटात आधी वाढ, आणि आपल्यात बोलायला पाऊस, कापसाचा भाव, नातवाचे दात. यंत्राला तिसरं उत्तर पाहिजे की नको, हा वाद अर्धाच राहिला. तू एकदोनदा उकरायला पाहिलास. मी म्हणालो, “आपलं बरोबर असेल.” तुझा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा साहेबांसमोर नो उमटलं तेव्हाही झाला नव्हता.

असं का केलं? रीत, भावाची नजर, गाव, ही सगळी वरची कारणं आहेत, आणि तू ती नामंजूर केली असतीस. खरं असं आहे, की मला भीती वाटत होती. मी काही लागेल असं बोललो, तू किंवा तुमच्याकडं कमलवहिनींनी ते मनात ठेवलं, तर भोगणार शोभा. सासर कितीही ओळखीचं असलं तरी सासर. म्हणजे ज्या माणसाशी मी अर्धं आयुष्य वाटेल ते बोललो, तो माझ्या बोलण्याचा सूड माझ्या मुलीवर काढील, असं मी मनात कुठंतरी धरून चाललो होतो. याला मी मान देणं म्हणत होतो. तुझा एवढा अपमान तुझ्या कुठल्या शत्रूनंही केला नसेल.

आणि मग तो पाय. नातवाचं जावळ मामाच्या मांडीवर काढायचं म्हणून तुम्ही सगळे आमच्याकडं आलात. दारात तू चौरंगावर उभा राहिलास आणि रितीप्रमाणं मी तांब्या घेऊन व्याह्याच्या पायावर पाणी घातलं. उजव्या अंगठ्याला चिंधी होती. ती ओली होऊन सरकली. पाण्यात हळद उतरली, आणि खालचा अंगठा काळा होता. तुला साखरेचा आजार होता हे मला माहीत होतं. त्या रंगाचा अर्थ काय, हेही माहीत होतं. माझ्या मामाचा पाय असाच गेला होता, आणि ते मी तुलाच सांगितलं होतं.

पूर्वीचा मी असतो तर तांब्या टाकून दिला असता. भटजी, न्हावी, पाहुणे सगळ्यांना तसंच बसवून तुला जीपमध्ये कोंबलं असतं आणि वाटभर शिव्या दिल्या असत्या. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतास. मी वर पाहिलं. तू माझ्याकडंच पाहत होतास.

“जरा दाखवून घ्या,” मी म्हणालो.

“दाखवतो,” तू म्हणालास. तुझा हात खांद्यावर होता. तो तू लगेच काढला नाहीस. मी तुझा पाय पुसला आणि पंचा बाजूला ठेवला. मग तू आत गेलास आणि तुझ्या ताटाभोवती रांगोळी होती.

नांदेडच्या दवाखान्यात तुला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. कापावा लागेल, कुठून कापावा, याची चर्चा चालली होती तेवढ्यात तू गेलास.

तेराव्याला मी मुधोळला आलो. अनिलसाठी टोपी-उपरणं आणलं होतं. बापाच्या मागं मुलाचा दुखवटा सासऱ्यानं काढायचा असतो. मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. म्हातारी माणसं म्हणाली, व्याह्यानं रीत राखली. मला मागल्या अंगणात जाऊन बसावंसं वाटलं. तिथं शोभा भांडी घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “बाबा, तुमी रागावू नका. जावळाहून घरी आलो, तं ह्यांनी मामाजीले म्हटलं, उद्या नांदेडले दाखवू. मामाजी मले म्हणे, काही नाय लागत. तुह्या बापानं पाय पाय्ला ना पाणी टाकताना. काही असतं तं त्यानं मले सोडलं असतं काय? शिव्या घालत नेलं असतं.”

मी म्हणालो, “मी म्हटलं होतं ना, दाखवून घ्या म्हणून.”

“मी बी तेच म्हटलं. तं म्हणे, ‘जेवून घ्या’ म्हणते तसं ते म्हणलं त्यानं. बोलला नाय.”

म्हणजे तू माझी वाट पाहत होतास. मी तुला सोडून दिलं होतं आणि तू मात्र अजून धरून होतास की हा माणूस वेळ आली की ओरडेल. तो ओरडला नाही, म्हणजे ओरडण्यासारखं काही नाही. तुझा हिशेब चोख होता. त्याला पुरवलेला माल खराब होता, आणि तो माझ्या हातचा होता.

शोभा म्हणाली, “हे बी तसेच करून राह्यले. घडीघडी पाणी पितात. चार महिन्यांत किती उतरले. मी म्हटलं तं ऐकत नाय.”

मी उठून बाहेर बैठकीत आलो. अनिल नव्या टोपीत बसला होता, समोर बुंदीची वाटी. चार गावची माणसं भिंतीला टेकून होती. मी ती वाटी उचलली.

“अनिल, हे बंद. उद्या सकाळी नांदेडले चालायचं. रक्त तपासायचं.”

“पायतो मामा. थोडं निवांत झालं की–”

“पायतो नाय! उद्या! बापासारखा हळद लावत बसशील तं तुही टांग मी तोडीन. समजलं काय बे गाढवा?”

तेराव्याच्या दिवशी, सुतकातून उठलेल्या जावयाला, टोपी घालून तास झाला नाही तोवर. कोपऱ्यातले एक आजोबा “अहो, अहो,” म्हणाले. अनिल माझ्याकडं पाहत राहिला. त्याचे डोळे तुझे आहेत, हे मी आजवर नीट पाहिलं नव्हतं. मग तो म्हणाला, “येतो.”

आतल्या दाराच्या चौकटीशी कमलवहिनी उभ्या होत्या. मुलांच्या लग्नानंतर त्या मला कशानंच हाक मारत नसत. बोलायचं झालं तर शोभाला पुढं करत. त्या दिवशी त्या कितीतरी वर्षांनी जुन्या नावानं बोलल्या.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “असंच तुमी ह्यायले तवा बोलले असते तं...”

त्या थांबल्या. मी वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी ते पुरं करावं, सगळ्यांदेखत करावं, असं मला फार वाटत होतं. बैठकीतली माणसं खाली बघू लागली. वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“चहा घ्या,” त्या म्हणाल्या.

मी घेतला.